चाचणीचे गुण बघून खचू नकोस

तुझ्या व्यक्तिमत्त्व चाचणीत आलं: बहिर्मुखता (लोकांत मिसळण्याची, उत्साहाची ओढ) कमी, भावनिक अस्थिरता (चटकन काळजी, चिडचिड, उदासी वाटणं) जास्त. एवढं वाचून तू 'माझ्या नशिबी सुख नाही' असं ठरवून टाकलंस, म्हणून मुद्दाम लिहितोय. सुरुवातीला मीही अशीच धास्ती घेतली होती.

कॉस्टा आणि मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली दाखवलेला संबंध खरा आहे. बहिर्मुखतेचं नातं आनंदी भावनांशी, अस्थिरतेचं त्रासदायक भावनांशी. पण या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट बघ. आनंदाला उधाण येत नाही म्हणजे दुःख जास्त आहे, असं नाही. एकटा रमणारा माणूसही मनापासून समाधानी असू शकतो. डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ची जीवनसमाधानाची प्रश्नावली सोडवून बघ. विधानं पाचच, गुण ५ ते ३५. त्यात तू किती हसतोस, किती लोकांत मिसळतोस हे विचारलेलंच नाही. एकूण आयुष्याकडे बघून तुला काय वाटतं, एवढंच विचारलंय.

लक्ष घालायचं तर अस्थिरतेकडे घाल. रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उपचारांनी सर्वांत जास्त बदल भावनिक स्थैर्यातच दिसला. म्हणजे स्वभावाला औषध नाही, ही म्हण इथे पुरती खरी नाही. मनातली घालमेल रोजचं काम अडवत असेल, तर समुपदेशकाकडे जायला अजिबात लाजू नकोस.

बहिर्मुखाचं सोंग मात्र आणू नकोस, दमशील. जवळचा एक मित्र असेल ना? या रविवारी त्याला भेट.