अमेरिकेत फ्लूची लस घेतल्यापासून खांदा धरलाय, भरपाई मिळते का?

मिळू शकते. पण लस देणाऱ्या फार्मसीवर थेट दावा लावायला धावू नका. १९८६ च्या कायद्याने तिथे लसीच्या दुखापतींसाठी सरकारी भरपाई योजना आहे. अर्ज वॉशिंग्टनच्या 'कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स'मध्ये होतो आणि समोरचा पक्ष आरोग्य खात्याचा सचिव असतो. पैसा प्रत्येक डोसवरच्या करातून येतो.

सुई दंडात फार वर टोचली गेली की सांध्याजवळच्या भागाला सूज येऊ शकते. या दुखापतीला तिथे 'सिर्वा' म्हणतात. २०१७ पासून ती योजनेच्या तक्त्यात, म्हणजे मान्य दुखापतींच्या यादीत आहे. अटी अशा: दुखणं ४८ तासांत सुरू झालेलं हवं, त्याच खांद्यात, आधीचा त्रास नको, आणि सहा महिन्यांहून जास्त टिकलेलं हवं. पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांत अर्ज.

खरी गोची कागदांत होते. आपण 'बरं होईल' म्हणत तेल चोळत बसतो आणि चार महिन्यांनी डॉक्टरकडे जातो. तिथे नुसतं 'खांदा दुखतो' लिहिलं गेलं तर ४८ तास सिद्ध करणं जड जातं. 'लसीच्या रात्रीपासून वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही' हे नोंदवून घ्या. कोणत्या हाताला टोचलं, तेही तपासा. नोंदीत चुकीचा हात सापडतो.

वेदनेपोटी कमाल अडीच लाख डॉलर. वकिलाची फी योजनाच देते, दावा प्रामाणिक आणि सबळ असेल तर हरलात तरी. भारतात अशी योजना नाही.