कंकतधारी, कंगवा की फणी?

विचारणा अशी आहे: जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलच्या 'कुन्स्टफॉर्मेन देर नाटूर' (१८९९–१९०४) या चित्रसंग्रहातल्या टेनोफोरांच्या (समुद्रातल्या पारदर्शक, लिबलिबीत प्राण्यांच्या) चित्राला 'कंकतधारी स्वयंप्रकाशी जेलीफिश' असा मथळा चालेल का?

पहिला शब्द चालेल, पुढचे दोन बदलावेत.

'कंकत' म्हणजे संस्कृतात कंगवा. 'टेनोफोरा' हे नावही ग्रीकमधून तसंच आलंय, कंगवा धारण करणारे. प्राणिशास्त्रज्ञ एशशोल्ट्झने १८२९ साली हा गट वेगळा काढला. पाठ्यपुस्तकात 'कंकतधारी' शोभेल, पण चित्राखाली मी 'फणी' हा शब्द घेईन. (इंग्रजी नाव देवनागरीत 'कोंब जेली' असं तर मुळीच लिहू नका, मोड आलेली जेली वाटेल.)

लांबून पाहिलं तर या पारदर्शक प्राण्याच्या अंगावर वरून खाली आठ पट्टे दिसतात आणि एकेक पट्टा म्हणजे एकेक कंगवा असं वाटतं. तसं नाही. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल चुनने १८८० मध्ये नेपल्सच्या आखातातल्या टेनोफोरांवर मोठा सचित्र ग्रंथ काढला. अशा जुन्या चित्रांत जवळून पाहिलं की पट्टा सुटा होतो: शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या, इवल्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी म्हणजे बुडाशी जुळलेल्या हजारो सूक्ष्म रोमांची एक फणी. म्हणजे 'आठ कंगवे' नव्हेत, फण्यांच्या आठ ओळी. 'अष्टफणी' म्हणायचा मोह मलाही होतो, पण फणी म्हणजे नागही. वाचक फडा मोजत बसेल. 'फणीदार जेली' बरं.

'जेलीफिश' गाळा. तो प्राण्यांचा वेगळा संघ, म्हणजे वेगळा मोठा गट. फणीदार जेलीला त्यांच्यासारख्या दंशपेशी नसतात. बहुतेक जाती चिकट पेशींनी भक्ष्य धरतात.

आता 'स्वयंप्रकाशी'. फण्या एकामागून एक हलतात, त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशाचं विवर्तन होतं (प्रकाश वाकून त्यातले रंग सुटे होतात) आणि ओळीवरून रंग धावत जातात. हा बाहेरच्याच उजेडाचा खेळ, पैठणीच्या धूपछाव रंगासारखा बघण्याच्या कोनावर बदलणारा. काळोखात बऱ्याच जाती स्वतःचा निळा-हिरवा प्रकाशही देतात, पण ती निराळी गोष्ट. प्ल्युरोब्रेकिया ही फणीदार जेली तर तोही देत नाही. धावता रंग कागदावर थांबवायचा कसा, हा चित्रकारापुढचा पेच होता. त्यात हे प्राणी इतके नाजूक की जाळ्यात फाटतात, जतन करायच्या द्रावात बिघडतात. जिवंतपणीच बघून काढलेल्या रेखाटनांना म्हणूनच एवढं मोल आलं. हेकेलची मांडणी मला जरा जास्तच सजवलेली वाटते; चुन अधिक खरा.

मथळा असा करा: 'फणीदार जेली (टेनोफोरा)'. संग्रहात पुढे सेस्टम व्हेनेरिस आलीच, फ्रेंच निसर्गअभ्यासक लेस्युअरने १८१३ साली वर्णिलेली ती फितीसारखी लांब जात, तर तिला 'पट्टा' म्हणू नका. 'व्हीनसची मेखला' लिहा. लॅटिन नावाचा अर्थ तोच आहे.