आधी पाचच शेळ्या घे
अरे, एकदम पन्नास शेळ्यांचा गोठा बांधायच्या नादी लागू नकोस. पाच उस्मानाबादी शेळ्या घे, त्याही जवळपासच्या गावातून, एक-दोनदा व्यालेल्या. बाजारात म्हातारी किंवा कास बिघडलेली शेळी नवख्याच्या गळ्यात मारतात. दात आणि कास बघितल्याशिवाय पैसे काढू नकोस.

खरा घात होतो तो पावसाळ्याच्या तोंडावर. नुकतं फुटलेलं लुसलुशीत गवत शेळी अधाशासारखी खाते आणि संध्याकाळी धडधाकट दिसणारं जनावर सकाळी मेलेलं सापडतं. तो आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होऊन होणारा रोग. माझी तीन करडं अशीच गेली, अजून जीव हळहळतो. मे महिन्यातच लस टोचून घे, आणि चरायला सोडण्याआधी थोडा सुका कडबा किंवा भुसकट खायला घाल. पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची लसही चुकवू नकोस.

गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा, म्हणून फळवल्याची, म्हणजे बोकड लावल्याची, तारीख वहीत लिही. करडू जन्मलं की तासाभरात चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पाजायचाच, शेळीची वार (झार) पडायची वाट बघायची नाही. बोकड मात्र दोन वर्षांनी बदल, नाहीतर तो स्वतःच्याच पाटींना, म्हणजे आपल्याच वयात आलेल्या माद्या पिल्लांना, लागतो. आणि बांधावर शेवरी लाव, उन्हाळ्यात तिचाच पाला कामी येतो.