तुमचा रेडिओ, तुमचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात आकाशवाणी आणि दूरदर्शनबद्दल प्रश्न पाठवा असं आवाहन केलं होतं. पत्रं अपेक्षेपेक्षा जास्त आली. त्यातली काही निवडून उत्तरं देतो आहे. मी ठाण्यातल्या मर्फीच्या कारखान्यात टेस्टिंग लाइनवर होतो, नंतर नौपाड्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. त्यामुळे सेटचे प्रश्न आले की उत्तर जरा लांबतं, ते वाचकांनी चालवून घ्यावं.

प्रश्न : वडिलांचा जुना रेडिओ माळ्यावरून काढला. लागतो, पण मीडियम वेव्हवर नुसती घरघर. पूर्वी याच घरात मुंबई ब स्वच्छ ऐकू यायचं. सेट बिघडलाय की केंद्रच बंद झालंय? (चरई, ठाणे)

ताई, आधी एक सांगतो, आणि हे कृपा करून मनावर घ्या. सेट व्हॉल्व्हचा असेल, म्हणजे लावल्यावर आवाज यायला अर्धा-पाऊण मिनिट लागत असेल, तर मागचा पुठ्ठा काढून आत हात घालू नका. त्या काळातल्या एसी-डीसी सेटची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट लाइनला जोडलेली असते आणि जबर शॉक बसतो. शिवाय वर्षानुवर्षं बंद पडलेल्या सेटचे कंडेन्सर कोरडे झालेले असतात. एखाद्या जुन्या कारागिराला दाखवल्याशिवाय तो तासन् तास चालू ठेवू नका.

आता घरघर. सेट नव्हे, बहुतेक तुमचं घर बदललंय. पूर्वी घरात पिवळे बल्ब होते. आता एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वायफायचा डबा, इन्व्हर्टर, शेजारी लिफ्टचा ड्राइव्ह. या सगळ्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि तो कचरा नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पडतो. खात्री करायची तर सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर घ्या, ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे मुंबई ब वर, लावा आणि घराचा मेन स्विच खाली करा. घरघर थांबली तर गुन्हेगार घरातच आहे. मग एकेक दिवा, एकेक चार्जर लावत जा, सापडेल. आमच्या इमारतीत तर एका स्वस्तातल्या एलईडी ट्यूबने अख्ख्या मजल्याचा रेडिओ बंद पाडला होता.

दुसरं, ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवून हळूहळू फिरवून बघा. आत फेराइट रॉड असतो, तोच त्याचा अँटेना. स्टेशनाकडे त्या रॉडची कूस असली की आवाज मोठा, टोक असलं की बारीक. मुंबईचे मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर मालाडला मालवणीत आहेत, म्हणजे ठाण्यातून पाहिलं तर येऊरच्या डोंगरापलीकडे, पश्चिमेला. पण डोंगर या लाटेला अडवत नाही. ५५८ किलोहर्ट्झची एक लाट अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब असते, ती जमिनीला धरून डोंगर ओलांडून येते. एफएमची लाट जेमतेम तीन मीटरची. म्हणून घोडबंदर रोडला डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना १००.७ वरचं एफएम गोल्ड किंवा १०७.१ वरचं रेनबो घरात खरखरतं आणि गच्चीवर गेलं की स्पष्ट लागतं.

रात्री लांबची, ओळखू न येणारी केंद्रं मध्येच घुसतात असंही तुम्ही लिहिलंय. तो बिघाड नाही. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच्याही वरच्या थरावरून आपटून शेकडो किलोमीटर दूरची केंद्रं खाली उतरतात. आम्ही टेस्टिंगला नव्या सेटची पारख करायला मुद्दाम रात्रपाळीत लांबची स्टेशनं पकडायचो.

प्रश्न : मी नववीत आहे. प्रकल्पासाठी विचारते, आकाशवाणी, विविध भारती, दूरदर्शन आणि प्रसार भारती या वेगवेगळ्या कंपन्या आहेत का? सुरुवात कोणी केली? (ऐरोली, नवी मुंबई)

बाळ, कंपनी यातली आज एकही नाही. पण सुरुवात मात्र खरंच एका कंपनीपासून झाली, आणि ती आपल्या मुंबईत.

१९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबमधल्या हौशी मंडळींनी प्रक्षेपण करून पाहिलं. मग इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाची खासगी कंपनी निघाली आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तिचं मुंबई केंद्र सुरू झालं. म्हणून २३ जुलै हा राष्ट्रीय प्रसारण दिन. ट्रान्समीटर फक्त दीड किलोवॉटचा होता, त्याचा पल्ला साधारण ३० मैल. ठाणं त्या वर्तुळात बसत होतं. तुमच्या ऐरोलीत तेव्हा मिठागरं आणि भातशेती होती.

कंपनीचं उत्पन्न प्रामुख्याने लायसन फीवर, आणि लायसनधारक सगळ्या देशात मिळून आठ हजारही झाले नाहीत. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारने प्रसारण हातात घेतलं आणि ८ जून १९३६ ला त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. तुझ्या प्रकल्पात हे ठळक लिही : या देशात प्रसारण सरकारकडे आलं ते खासगी कंपनीला ते परवडलं नाही म्हणून.

स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली, लखनौ. पुढे आपल्याकडे नागपूर १९४८ मध्ये, पुणे १९५३ मध्ये आणि सांगली १९६३ मध्ये आलं. पुण्याच्या केंद्राने १९५५-५६ मध्ये ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्याकडून वर्षभर दर आठवड्याला एक अशी ५६ गीतं करून घेतली, ते गीतरामायण. आजीला विचार, तिला यातलं काही ना काही पाठ असेल.

विविध भारतीची कथा वेगळी आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर हे माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीत घराघरांत न्यायचं होतं आणि सिनेसंगीत त्यांना उथळ वाटायचं. आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली आणि लोकांनी सरळ श्रीलंकेचा रेडिओ सिलोन लावला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी हलक्याफुलक्या कार्यक्रमांसाठी विविध भारती सुरू करावी लागली. सिनेमाच्या गाण्यांबाबत केसकर चुकले असं माझं मत आहे. पण शास्त्रीय गायक-वादकांना संस्थानांचा आश्रय संपल्यावर जो आधार मिळाला, तो त्यांच्या काळातल्या आकाशवाणीने दिला. त्यांच्याबद्दल लिहिताना दोन्ही बाजू लिही.

दूरदर्शन दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रयोग म्हणून सुरू झालं, आणि देशातलं दुसरं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीत, मुंबईचं. १ एप्रिल १९७६ पर्यंत ते आकाशवाणीचाच भाग होतं. त्यानंतर वेगळं झालं. १९९० मध्ये संसदेने प्रसार भारती ही स्वायत्त संस्था उभारण्याचा कायदा केला, तो २३ नोव्हेंबर १९९७ ला प्रत्यक्षात आला. तेव्हापासून आकाशवाणी आणि दूरदर्शन ही प्रसार भारतीची दोन अंगं, आणि विविध भारती ही आकाशवाणीची एक सेवा.

प्रश्न : केबल परवडेना म्हणून काढून टाकली. सह्याद्री वाहिनी फुकट दिसते असं ऐकलं, पण जुना अँटेना लावून काहीच येत नाही. (कळवा)

वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून गच्चीवर लावायचा तो अँटेना आता उपयोगाचा नाही. जुन्या पद्धतीचं जमिनीवरचं प्रक्षेपण दूरदर्शनने बंद केलं. तुम्हाला हवी आहे ती डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. एकदा छत्री आणि सेट टॉप बॉक्स विकत घ्यायचा, दरमहा एक पैसा नाही. सह्याद्री त्यावर आहे, आणि आकाशवाणीच्या बऱ्याच वाहिन्याही त्याच बॉक्सवर ऐकू येतात.

छत्री बसवणारा घाईत असतो, म्हणून दिशा तुम्हीच माहीत करून घ्या. फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. कळव्यातून छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर हवं. तुमची गॅलरी फक्त पश्चिमेला, खाडीकडे उघडत असेल तर तिथे काही मिळणार नाही, गच्चीच हवी. आणि आग्नेयेला समोरच उंच टॉवर उभा असेल तर आधी तो आड येतो का ते पाहा, मगच पैसे द्या.

प्रश्न : सगळं मोबाइलवर मिळतं. मग आमच्या करातून आकाशवाणी कशाला पोसायची? (घणसोली)

तुमचं पत्र रागाचं आहे, पण प्रश्न बरोबर आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

मी कारखान्यात होतो तेव्हा आमच्यासाठी, म्हणजे यंत्रावर उभ्या असलेल्या माणसांसाठी, आकाशवाणी मुंबईवर वेगळा कार्यक्रम होता, कामगार सभा. पुन्हा प्रपंच ही मालिका लागली की बाळ कुडतरकरांच्या आवाजातल्या टेकाडे भावजींसाठी माणसं हातातलं काम ठेवून थांबायची. बायकांसाठी वनिता मंडळ, शाळकरी पोरांसाठी गंमत जंमत, शेतकऱ्यांसाठी दूरदर्शनवर आमची माती आमची माणसं. यातल्या कोणत्याही श्रोत्याकडे जाहिरातदाराला आकर्षित करेल इतका पैसा नव्हता. तरीही त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवलेली होती. बाजारावर सोपवलं असतं तर वागळे इस्टेटमधल्या फिटरसाठी कोणी अर्धा तास दिला असता का?

हे आजही संपलेलं नाही. चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा दिवाळे गावातल्या मच्छीमाराला विचारा, समुद्र खवळणार असल्याचा हवामान खात्याचा इशारा किनाऱ्यावरची आकाशवाणी केंद्रं देतात. समुद्रात चार-सहा मैल आत गेलं की मोबाइल मुका होतो.

आणि २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. आमच्या इमारतीत वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, लोकल ठप्प, निम्म्या घरांतली माणसं कुठे अडकली आहेत याचा पत्ता नाही. दुकानातला सेलवरचा ट्रान्झिस्टर मी जिन्यात आणून ठेवला. लोक पायऱ्यांवर बसून बातम्या ऐकत होते, कुठलं स्टेशन बंद, कुठे पाणी ओसरतंय. एक ट्रान्समीटर, त्याला डिझेलचं जनरेटर आणि ऐकणाऱ्याकडे दोन सेल, एवढ्यावर लाखो घरांशी एकाच वेळी बोलता येतं. मोबाइलच्या जाळ्यात एकाच वेळी लाखो लोक घुसले की ते जाळंच बसतं.

तुमचा दुसरा आक्षेप, बातम्या सरकारच्या बाजूने झुकलेल्या असतात, तो मला मान्य आहे. आणीबाणीत हे सगळ्यांनी पाहिलं. म्हणूनच वर्गीज समितीने १९७८ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारचीही नव्हे. प्रसार भारतीचा मोठा खर्च आजही सरकारी अनुदानातून चालतो, आणि स्वायत्तता अपुरी राहण्याचं मुख्य कारण मला तेच वाटतं. पण हा आक्षेप घेऊन केंद्र बंद करायला सांगायचं नसतं. केंद्राच्या संचालकांना पत्र लिहायचं, आपल्या खासदाराला विचारायचं. ऐकणारे गप्प बसले की अंदाजपत्रकात पहिली कात्री इथेच लागते. मुंबई केंद्राचा पत्ता चर्चगेटजवळ, मंत्रालयाच्या शेजारी. तुमचं हेच पत्र तिथेही पाठवा.

प्रश्न : मुलगी गाते. आकाशवाणीवर गायला कोणाची ओळख लागते का? (वाशी)

ओळख नको, स्वरचाचणी द्यावी लागते. पूर्वी ती नाव लपवून, नुसत्या आवाजावर घेण्याची रीत पडली ती वशिला टाळण्यासाठीच. उत्तीर्ण झाल्यावर श्रेणी मिळते, बी, मग बी-हाय, ए आणि सर्वात वर टॉप. केंद्राकडून अर्ज मागवा, कोणत्या प्रकारात गाणार ते नक्की करा, शास्त्रीय, सुगम की लोकसंगीत. पहिल्या वेळी नाही झाली तर पुन्हा देता येते. बोलण्याची आवड असेल तर नैमित्तिक निवेदकांच्या आवाजचाचण्याही निघतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. शब्दोच्चार स्वच्छ हवेत, ण आणि न, ळ आणि ल यांत गफलत चालत नाही.

प्रश्न : सकाळी पहिली सभा, म्हणजे दिवसाचं पहिलं प्रसारण, सुरू व्हायच्या आधी वाजणारी धून कोणाची? (कोपरी)

वॉल्टर कॉफमन यांची. जन्माने चेक, ज्यू, युरोपातून १९३४ मध्ये मुंबईला आले आणि पुढे आकाशवाणी मुंबईवर पाश्चात्य संगीताचं काम पाहत होते. एवढी वर्षं देशभर रोज पहाटे वाजणारी ही धून हिटलरच्या छायेतून निसटून मुंबईत आसरा घेतलेल्या एका माणसाची आहे, हे शाळेत शिकवायला हवं.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत पोस्टाचे शिक्के मारलेली रेडिओ लायसनची पुस्तिका सापडली. ही कशासाठी? (खारेगाव)

१९३३ च्या वायरलेस कायद्याप्रमाणे घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरायची, तिकिटं किंवा शिक्का पुस्तिकेत लागायचा. आमच्या दुकानात सेट विकला की गिऱ्हाइकाला आधी पोस्टाची वाट दाखवावी लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यात ही पद्धत संपली. पुस्तिका ओल लागणार नाही अशी ठेवा. तिच्यात सेटचा तपशील लिहिलेला असेल. सेट घरात असला तर मागच्या पुठ्ठ्यावरचा नंबर ताडून बघा, आणि मर्फीचा निघाला तर मॉडेल नंबर मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा. बऱ्याच मॉडेलांचे सर्किट डायग्राम मी जपून ठेवले आहेत, तुमच्या सेटचा असेल तर प्रत पाठवतो.