अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या उंच डोंगरांत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी आउटफिटर कसा निवडावा?

कोलोरॅडोत मोबदला घेऊन शिकारीला नेणाऱ्या आउटफिटरने राज्याकडे नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि राष्ट्रीय वनात तळ टाकायचा असेल तर त्याला वनसेवेचा परवानाही लागतो. त्यामुळे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी या दोन्हींची त्या त्या कार्यालयाकडे स्वतः खातरजमा करून घ्यावी.

खरी पारख मात्र, माझ्या मते, जुन्या ग्राहकांशी बोलूनच होते. केवळ भव्य शिंगांसह छायाचित्रात झळकणाऱ्यांची नव्हे, तर रिकाम्या हाती परतलेल्यांचीही नावे आवर्जून मागावीत. एका वाटाड्यामागे किती शिकारी होते आणि मांस खाली कसे आणले, हे त्यांना विचारावे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सुमारे ३०० किलो भरते, आणि सप्टेंबरमधील धनुष्यबाणाच्या हंगामात दुपारी ऊन तापते, तेव्हा कातडी लवकर उतरवून मांस थंड केले नाही तर मांडीच्या हाडालगतचा भाग आधी नासतो; म्हणून मांस वाहून आणणारी खेचरे तळावरच असतात की खालून बोलवावी लागतात, हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. एवढा प्राणी मारून त्याचे मांस वाया घालवणे अक्षम्य आहे.

करार लेखी असावा, आणि सोडतीत शिकाऱ्याला शिकारीचा परवाना न मिळाल्यास आगाऊ रकमेचे काय होणार, हे त्यात स्पष्ट नमूद असावे. तळ ३,००० मीटरच्या आसपास असेल, तर विरळ हवेची सवय होण्यासाठी दोन दिवस आधी पोहोचावे.