थाळी आण बघू

प्रश्न : अक्का, आम्ही बेळगावात वडगावला राहतो. घरात दोन माग आहेत पण सूत महागलं, साड्यांना उठाव नाही, तीन महिने झाले बंदच आहेत. नवरा हमालीला जातो, कधी काम मिळतं कधी नाही. सासूबाई रोज म्हणतात पांडुरंगावर सोड, तो बघतो. मी पण सोडलंय ओ, एकादशी चुकवत नाही, पण पोराची फी काय पांडुरंग भरणार आहे का असं मनात येतं आणि मग असा विचार केलाच कसा म्हणून रडू येतं. घरात रेशनचा तांदूळ, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० आणि लग्नात आलेली शिलाई मशीन, ती पण पडूनच आहे. बाकी काही नाही. विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर : अगं, रडू आलं तर रड, त्यानं देव रागवत नाही.

महाभारतातली द्रौपदीच्या थाळीची गोष्ट तुला माहीत असेलच. सूर्यानं दिलेली थाळी, ती जेवेपर्यंतच अन्न द्यायची, आणि नेमकं तिचं जेवण उरकल्यावर दुर्वास १०,००० शिष्य घेऊन दारात. कृष्ण आला तो पण भूक लागली म्हणतच आला. ती म्हणाली काही नाही रे, तो म्हणाला थाळी आण बघू. कडेला भाजीचं पान चिकटलेलं होतं, तेवढंच त्यानं खाल्लं आणि तिकडे नदीवर अंघोळीला गेलेल्यांची पोटं भरली. मला त्यातलं ते 'आण बघू' फार लागतं बघ. त्यानं वरून काही मागवलं नाही, तिच्या घरातलंच मागितलं, आणि तिला तर वाटत होतं काहीच नाही.

माझी आई निपाणीत विड्या वळायची, हजार विड्यांमागे मजुरी. भाताला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ परत काढून देवाजवळच्या डब्यात टाकायची. एका पावसाळ्यात काम बंद पडलं तेव्हा त्या डब्यावर आम्ही पाच जण नऊ दिवस काढले, पातळ पेज, पण उपाशी नाही झोपलो. आई म्हणायची विठोबानं घातलं. मी म्हणायचे तूच तर टाकलेलेस. तर म्हणायची, मूठ काढायची बुद्धी कुणी दिली गं?

तर तुझी मशीन. वडगाव-शहापुरात साड्या काय कमी आहेत का, फॉल लावायला, ब्लाऊज उसवून सैल करायला बायका लांब जातात. दारावर पाटी लाव. गृहलक्ष्मीचे पैसे आले की आधी दोऱ्याची रिळं आणि फॉल घे, थोडेच. दुकानातनं काम मिळतंय का बघायला जायचं तर सरकारी बस बायकांना फुकट आहे. फीचं मात्र लपवू नकोस, शाळेत हेडबाईंना भेटून हप्ते करून माग. सुदाम्याच्या बायकोनं चार मुठी पोहे शेजारपाजारी मागूनच आणले होते की, आणि तो बिचारा ते कृष्णापुढं काढायला लाजत होता, कृष्णानं ओढून घेतले. मागण्यात कमीपणा नाही.

सासूबाईंशी भांडू नकोस, त्या खोटं बोलत नाहीत. त्यांना काजं-बटणाला बसव, नाव घेत करतील.

आणि मशीन इतके दिवस पडून आहे म्हणजे पट्टा सैल झाला असेल तर घट्ट करून घे, मशीनला तेल घाल, जुन्या चिंधीवर चालवून बघ, मगच लोकांच्या साडीला हात लाव.