बादली आपटण्याऐवजी

"मॅडम, मनात सगळं जुळवून जाते. पण समोर गेलं की एकतर रडू फुटतं, नाहीतर तोंडातून भलतंच निघतं."

माझ्याकडे समुपदेशनाला आलेली एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वसतिगृहात एका खोलीत तिघी. त्यातली एक रोज रात्री दीड-दोनपर्यंत पलंगावर पडून फोनवर बोलते, आणि हिचं सकाळी आठला प्रॅक्टिकल. जुलैपासून हिने केलं काय? जोरजोरात उसासे सोडले आणि सकाळी बादली आपटली.

"शांतपणे बोल" हे घरच्यांनी आधीच शंभरदा सांगितलेलं असतं, त्यामुळे मी ते सांगत बसत नाही. बोलण्याची तालीमच करायची म्हणून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. मी रूममेट झाले, फोन कानाला लावला. "हं, बोल."

"तुला ना, दुसऱ्याचा जरासुद्धा विचार नसतो."

"मला? आणि तुझा अलार्म पहाटे पाच वेळा वाजतो तो?"

भांडण पेटलं. थांबवलं. दुसऱ्या खेपेला ती इतकं गुळमुळीत बोलली की तक्रार कसली तेच मला कळेना.

मग खुर्च्या बदलल्या. ही युक्ती माझी नव्हे. याकोब मोरेनो या डॉक्टरने १९२० च्या दशकात व्हिएन्नात उत्स्फूर्त नाटकाचे प्रयोग केले, त्यांतून पुढे सायकोड्रामा, म्हणजे प्रसंग नाटकासारखा वठवून मनावर उपचार करण्याची पद्धत, आला. भूमिकांची अदलाबदल हा त्याचाच भाग. आता ती रूममेट. मी विचारलं, "एवढ्या रात्री कुणाशी बोलतेस गं?"

"आईशी. खानावळ आवरून तिला साडेबारा होतात." म्हणाली आणि गप्पच झाली. हे तिला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं.

म्हणून झोपेवर पाणी सोडायचं का? नाही. समोरच्याची बाजू कळली की आपल्याकडच्या मुली स्वतःची बाजू गुंडाळूनच ठेवतात, तेव्हा हे मी तिला बजावलं. चौथ्या खेपेला वाक्य जमलं: "आई उशिरा मोकळी होते, माहितीये मला. पण आवाजाने माझी झोप मोडते आणि सकाळी लॅबमध्ये डोळे मिटतात. फोन जिन्यात जाऊन घेशील का?"

"पण हे पाठ केल्यासारखं नाही वाटणार?" हा प्रश्न हमखास येतो. वाटेल की, पहिल्यांदा. व्हायव्हाची तयारी करताना कुठे लाज वाटते? शिवाय मी दरवेळी उत्तर बदलते: कधी हसण्यावारी नेते, कधी रुसते, कधी तिसरीला मध्ये ओढते. त्यामुळे पाठांतर कामालाच येत नाही.

समोरची व्यक्ती धमकावत असेल तर मात्र मी खुर्च्या मांडत नाही. रॅगिंगविरुद्ध यूजीसीचे २००९ चे नियम आहेत. तिथे लेखी तक्रारच करायची.

दहा दिवसांनी ती आली. रूममेट म्हणे एवढंच म्हणाली, "मग जुलैतच का नाही सांगितलंस?" आता फोन जिन्यात होतो, डास फार असले की खोलीतच, कुजबुजत. पंख्याच्या स्पीडचं भांडण अजून मिटलेलं नाही. त्यात तिसरीही आहे, म्हणून बुधवारी तीन खुर्च्या लावणार आहे.